दैवशालाचं कुलूप

वाल्मीक : म्हणजे जीप आहे, डिझेल आहे, तुम्ही घरी आहात, आणि तरी जाता येणार नाही?

लिंबाजी : आसं कवा म्हनलो मी? कुलूप उघडलं की लगेच जाता येईल.

वाल्मीक : मग उघडा की काका.

लिंबाजी : त्याला चावी न्हाई.

वाल्मीक : हरवली?

लिंबाजी : न्हवतीच. आकड्यांचं कुलूप हाय ते. हे बगा, चार चाकं हायती. चारी बरोबर जुळली की सुटतं.

वाल्मीक : बरं. आकडे सांगा, मी जुळवतो.

लिंबाजी : मला ठाव न्हाईत.

वाल्मीक : जीप तुमची, कुलूप तुमचं, आणि आकडे तुम्हाला माहीत नाहीत?

लिंबाजी : जीप माझी. कुलूप आमच्या मालकिणीचं. तिला ठाव व्हते.

वाल्मीक : मग काकूंना हाक मारा ना.

लिंबाजी : ती गेली, मास्तर. अडीच महिने झाले.

वाल्मीक : अरेरे. माफ करा काका, मला माहीत नव्हतं.

लिंबाजी : तुमाला कसं ठाव आसनार? तुमी पालमच्या पुढचे. शेतातून आली, डोकं दुखायलंय म्हनली, निजली. तवापासून जीप जाग्यावरच हाय. तिनं स्टेरिंगातून अन् पेडलातून साखळी घालून कुलूप लावलं, ते तसंच हाय.

वाल्मीक : काका, मी आलो नसतो. पण गंगाखेडातल्या सगळ्या जीपगाड्या लग्नांना गेल्यात. आठ दारं फिरलो. बहिणीला दवाखान्यातून सोडलंय, चार दिवसांची बाळंतीण आहे. पायरीवर बसलीय पोर घेऊन, सुलाबाई आत्या आहे सोबत. एसटी फाट्यावर सोडते, पुढं पाच किलोमीटर नुसते धोंडे. तिला चालवत कसं नेऊ?

लिंबाजी : न्हाई, न्हाई, चालवू नका.

वाल्मीक : आणि आज संध्याकाळी पाचवी आहे. आई घरी पाटा-वरवंटा मांडून बसलीय. कोरा कागद, लेखणी, सगळं ठेवलंय. रात्री सटवाई येणार आणि पोराचं नशीब लिहिणार. मी गणिताचा मास्तर आहे, मला हे पटत नाही. पण आईला कोण सांगणार?

कडूबाई : पटू द्या न्हाईतर नका पटू देऊ. सटवाई काय तुमची शाळा तपासायला येत न्हाई.

लिंबाजी : ह्या आमच्या वैनी. थोरल्या भावाची मंडळी. भिंतीपल्याड राहत्यात, पन कान हिकडंच आसतो.

कडूबाई : जीपपाशी मानूस दिसला म्हनून आले. अडीच महिन्यांनी कुनीतरी आलं. काय झालंय बहिणीला? मुलगा का मुलगी?

वाल्मीक : मुलगी.

कडूबाई : पहिली बेटी. लय चांगलं. मग तर येळेवर घरी पायजे. सटवाई आली अन् पाळन्यात कुनीच न्हाई, तर कुनाच्या कपाळावर लिहील? तुमच्या आईच्या?

वाल्मीक : काकू, तुम्हाला तरी आकडे माहीत आहेत का?

कडूबाई : मला कुठले? मी इचारलं व्हतं एकदा. तर म्हनली, आक्का, आकडा सांगायचा नसतो, कुलूपवाल्यानं बजावलंय.

वाल्मीक : पण चावीचं कुलूप सोडून हे कशाला घेतलं?

कडूबाई : ह्यांच्यामुळं! एका सालात तीन चाव्या घालवल्या. पहिली गोदावरीत. आंघोळीला गेले अन् सदरा धुतला, खिशासकट. दुसरी नवरदेवाच्या नारळासंगं गेली. तिसरी बैलानं कडब्यासंगं खाल्ली.

लिंबाजी : बैलानं खाल्ली हे कुनी पाहिलं न्हाई.

कडूबाई : तुमीच तीन दिवस त्याच्या मागं फिरत व्हता, शेनाची पाटी घेऊन!

लिंबाजी : मास्तरांसमोर काय काढता वैनी.

कडूबाई : मग परभणीच्या उरसात दैवशालानं हे घेतलं. सहा वर्षं झाली. म्हनली, आता हरवून दाखवा.

वाल्मीक : सहा वर्षं! काका, सहा वर्षांत एकदाही तुम्ही आकडे बघितले नाहीत?

लिंबाजी : कशाला बघू? ती उघडायची. सकाळी जेवलो का न्हाई ते इचारायची, जेवलो आसलो तरच उघडायची. मी तवर टायर बघायचो, पानी घालायचो.

वाल्मीक : बरं. चार चाकं, प्रत्येकावर दहा आकडे. म्हणजे दहा हजार. मिनिटाला वीस करून पाहिले तरी पाचशे मिनिटं. आठ तास आणि वर वीस मिनिटं.

कडूबाई : तवर पोरगी बसती होईल.

वाल्मीक : म्हणून डोकं लावून शोधायचं. जीपचा नंबर काय? हा, सदतीस एकोणीस. तीन, सात, एक, नऊ. नाही. लग्न कोणत्या साली झालं तुमचं?

लिंबाजी : रझाकार गेले, त्याच्या पुढच्या साली.

वाल्मीक : म्हणजे एकोणपन्नास. एक, नऊ, चार, नऊ. नाही.

लिंबाजी : तवा आमच्याकडं निजामाचं फसली साल चालायचं, मास्तर. तेराशे अठ्ठावन्न का एकोणसाठ.

वाल्मीक : दोन्ही लावतो. नाही. हेही नाही.

कडूबाई : तिला कुठलं साल अन् कुठलं काय! तिला पेरनी ठाव अन् काढनी ठाव. आकडे तरी कुठं वाचता येत व्हते?

वाल्मीक : वाचता येत नव्हते? मग उघडायच्या कशा?

कडूबाई : ते पाहिलंय मी. तो गोल आकडा हाय न्हव, शून्य, त्याच्यावर सगळी चाकं आनायची. मग एकेक चाक टिचक्या मोजत फिरवायची. टिक, टिक, टिक.

वाल्मीक : किती टिचक्या?

कडूबाई : आता टिचक्या कोन मोजतं, मास्तर! मी माझ्या कामाला जात व्हते.

वाल्मीक : काका, ऐका. साडेदहा वाजलेत. बाळंतीण उन्हात बसलीय. लोहाराकडून करवत आणू. साखळी कापू. मी नवी साखळी घेऊन देतो, याच्याहून जाड.

लिंबाजी : न्हाई.

वाल्मीक : एक कडी कापायची फक्त.

लिंबाजी : न्हाई म्हनलो ना. हात लावू नका.

वाल्मीक : काका, साखळी आहे ती.

लिंबाजी : साखळी माझ्या बापानं हिरीवर बांधायला आनली व्हती, तिचं काय न्हाई. पन ती घातली दैवशालानं. त्या दिशी तिनं हातानं केलेल्या सगळ्या गोष्टी सरल्या. पीठ सरलं, लोनचं सरलं, सारवलेलं आंगन निघालं. आता एवढंच हाय, जे तिनं केलं अन् आजून तसंच हाय. त्याला करवत लावायची मी?

कडूबाई : भावजी, ते बरोबर हाय. पन मास्तरांची बहीण पायरीवर हाय.

लिंबाजी : ठाव हाय मला. मी काय दगड हाय का? बारा वाजेपर्यंत बघा, मास्तर. न्हाई उघडलं तर मीच सितारामकडून करवत आनतो, अन् मीच कापतो. तुमी न्हाई कापायची.

वाल्मीक : बरं. दीड तास आहे. मग मला नीट आठवून सांगा. उघडताना काकू उभ्या राहायच्या की बसायच्या?

लिंबाजी : जीपच्या पायरीवर बसायची. तोंड आत करून.

वाल्मीक : काही बोलायच्या?

लिंबाजी : पुटपुटायची. देवाचं म्हनत आसल.

वाल्मीक : काय पुटपुटायच्या? शब्द आठवतात का?

लिंबाजी : रोज ऐकलंय, न आठवायला काय झालं? म्हनायची, आबा… मग थांबायची. आई… थांबायची. हे… अन् मी. तेवढंच. मला वाटायचं, जीप बाहेर निघायलीय तर घरच्या मान्सांची आठवन काढती, सगळ्यांना सुखरूप ठेव म्हनती.

वाल्मीक : हे म्हणजे?

कडूबाई : हे म्हनजे हे! नवऱ्याचं नाव कसं घेईल?

वाल्मीक : आबा, आई, तुम्ही आणि त्या. चार माणसं, चार चाकं! प्रत्येक माणसाचा एक आकडा. आबा म्हणजे तुमचे वडील? वय किती त्यांचं?

लिंबाजी : जाऊन दहा वर्षं झाली. आईबी त्याच साली गेली.

वाल्मीक : मग जन्मवार? सोमवार एक, मंगळवार दोन…

लिंबाजी : आबा कोनत्या वारी जन्मले ते आबालाबी ठाव न्हवतं.

कडूबाई : थांबा, थांबा. काय म्हनलात? आबा, आई, हे अन् मी? ह्याच क्रमानं?

लिंबाजी : ह्याच. सहा वर्षं ऐकलंय.

कडूबाई : अगं बया! भावजी, हे देवाचं न्हाई. हे पिठाचं हाय!

वाल्मीक : पिठाचं?

कडूबाई : परातीत पीठ घेताना आमी जावा आसंच म्हनायचो. सासूबाईंनीच लावून दिलं व्हतं. आबाच्या इतक्या, आईच्या इतक्या, ह्यांच्या इतक्या. तेवढंच पीठ घ्यायचं, शिळी उरायला नको. कुलूपवाला म्हनला आसल, बाई चार आकडे सांगा, जे तुमी इसरनार न्हाई. तिला दुसरं काय पाठ व्हतं? ते भाकरीचं सांगितलं तिनं!

वाल्मीक : काकू, तुमच्या पाया पडतो. आबांच्या किती?

कडूबाई : तीन. दात पडल्यावर दुधात कुस्करून घ्यायचे, पन तीन म्हनजे तीन.

वाल्मीक : तीन. आईंच्या?

कडूबाई : दोन. अन् तिसरी अर्धी ठेव म्हनायच्या, ती खायच्या न्हाई, नुसती ठेवायच्या.

वाल्मीक : दोन. काकांच्या?

लिंबाजी : माझ्या चार.

कडूबाई : पाच! भावजी, आज खोटं बोलू नका, मास्तरांची येळ जायलीय.

लिंबाजी : पाच लावा.

वाल्मीक : पाच. आणि दैवशालाकाकूंच्या?

कडूबाई : ते… भावजींना इचारा.

लिंबाजी : एक.

वाल्मीक : एकच?

लिंबाजी : एकच. सगळ्यांचं झाल्यावर जेवायची. मी इचारलं की म्हनायची, एक घेतली, पोट भरलं. दिवसभर ऊस तोडायची माझ्या बरोबरीनं, अन् एक. अडीच महिने मी हेच मोजत बसलोय, मास्तर. अडतीस वर्षं माझ्या घरात बाई एका भाकरीवर राहिली. मी पाच खाल्ल्या.

वाल्मीक : लावतो एक. तीन, दोन, पाच, एक. उघडत नाही.

लिंबाजी : मग ती एकबी खोटंच सांगत आसल. अर्धी खात आसल. शून्य लावा.

वाल्मीक : शून्य कसं असेल काका?

लिंबाजी : लावा मी म्हनतो.

वाल्मीक : तीन, दोन, पाच, शून्य. नाही. शून्य नाही, काका.

कडूबाई : मास्तर, चाक फुडं फिरवा की. मागं काय बघायलात?

वाल्मीक : फिरवतोच. एकच चाक राहिलंय, दहाच आकडे. दोन. नाही. तीन. नाही. चार… उघडलं! काका, उघडलं! सुटलं बघा, साखळी सुटली!

कडूबाई : आली का न्हाई पोरगी घरी! लवकर काढा साखळी, पेडलातून सोडवा.

वाल्मीक : काका, हँडल कुठं आहे? बॅटरी बसली असणार. मी हँडल मारतो, तुम्ही आत बसा. काका? अहो काका?

लिंबाजी : चार कुनाच्या?

वाल्मीक : काय?

लिंबाजी : शेवटच्या चार कुनाच्या? तीन आबाच्या, दोन आईच्या, पाच माझ्या. चार कुनाच्या? कुत्र्याची धरली आसल तिनं. दारावर मागायला येनाऱ्याची धरली आसल.

कडूबाई : ती म्हनायची, हे अन् मी. अन् कुत्रं आसं म्हनायची का?

लिंबाजी : वैनी, तुमी हसायलात का?

कडूबाई : हसत न्हाई. हँडल मारा मास्तर. मीबी येते दवाखान्यात. चार दिवसांचं पोर जीपमधी कसं धरायचं ते तुमच्या आत्याला ठाव हाय का न्हाई कुनास ठाव. वाटंत बोलू.

(जीप दवाखान्याच्या रस्त्याला लागली आहे.)

लिंबाजी : आता बोला.

कडूबाई : फुडं बघून चालवा. अडीच महिन्यांनी हातात स्टेरिंग आलंय.

लिंबाजी : बोला म्हनतो ना.

कडूबाई : तिनं मला तुळशीपुढं शपथ घातली व्हती. कुनाला सांगायचं न्हाई, ह्यांना तर मुळीच न्हाई. पन आता कुलपानंच सांगितलं. मी काय शपथ मोडली न्हाई. हो का न्हाई मास्तर?

वाल्मीक : नाही मोडली. मी साक्षीदार आहे.

कडूबाई : मग ऐका. नवी आली तवा पहिल्याच दिशी सासूबाईंनी टोपलं पाहिलं अन् म्हनल्या, सून घरात आनली का बैलजोडी? शेजारच्या बायका बसल्या व्हत्या, सगळ्या हसल्या. त्या दिवसापासून तिनं टोपल्यात एकच घ्यायला सुरुवात केली. सगळ्यांना सांगायचं, एक.

लिंबाजी : आई आसं म्हनली?

कडूबाई : जीभ तशीच व्हती, मन वाईट न्हवतं. तर मग दैवशाला आली माझ्याकडं रडत, आक्का, मला भूक लागती. तवा आपलं वेगळं झालं व्हतं, पन चुली भिंतीला भिंत. चुलीमागं दिवा ठेवायचा कोनाडा हाय न्हव? त्याची माघारची वीट आमी दोघींनी काढली.

वाल्मीक : वीट काढली!

कडूबाई : उलथन्यानं. दोन दिवस लागले. ती तिच्या चुलीवर सासूबाईंच्या देखत अकरा भाकरी थापायची. तीन, दोन, पाच, एक. अन् पीठ द्यायची कोनाड्यातून मला. मी माझ्या चुलीवर तीन भाजायचे, अन् कोनाड्यातून माघारी. तिखटाचा गोळासुदा वर.

वाल्मीक : आणि सासूबाईंना कधी कळलं नाही?

कडूबाई : त्या म्हनायच्या, कडूबाईचा नवरा लय खातो. माझ्या नवऱ्याची गावभर बदनामी झाली. बिचारा तीनच खायचा.

लिंबाजी : दादा मला म्हनायचा, लिंब्या, मला सगळे खादाड का म्हनत्यात?

कडूबाई : त्यांना शेवटपर्यंत कळलं न्हाई.

वाल्मीक : काका, डावीकडं! बैलगाडी!

लिंबाजी : दिसली, दिसली. पन आई गेल्यावर तरी सांगायचं. आई जाऊन दहा वर्षं झाली.

कडूबाई : तवर सवय पडली. अन् दुसरं सांगू का? मजा यायची. दुपारी तुमी फेरीवर गेले की आमी दोघी कोनाड्याच्या ह्या बाजूला अन् त्या बाजूला बसून जेवायचो. तिचं तोंड दिसायचं न्हाई, नुसता आवाज यायचा. त्या कोनाड्यात जेवढं हसलोय आमी, तेवढं कुठं हसलो न्हाई.

लिंबाजी : दुष्काळातबी? बहात्तरला?

कडूबाई : बहात्तरला कुनीच पोटभर खाल्लं न्हाई. ते खोटं मी सांगनार न्हाई. खडी फोडायला गेलो, सुकडी खाल्ली, अर्धी अर्धी वाटून. पन ते एक साल. बाकीची सदतीस वर्षं ती उपाशी निजली न्हाई, भावजी. हे मी भिंतीपल्याडून सांगते.

वाल्मीक : काका, दवाखाना आला. ती बघा, पायरीवर. आत्यानं पदर धरलाय पोरीवर.

कडूबाई : पायरीपाशी नेऊन लावा जीप. ए सुलाबाई, इकडं! सावकाश उतरवा बाळंतिनीला, आधी पोर माझ्याकडं द्या. काय गं बाई, काय डोळे हायती! भावजी, बगा तरी. आसे समोर काय बघायलात?

लिंबाजी : वैनी, चार? खरंच रोज चार?

कडूबाई : रोज. नव्या जवारीची आसली की पाच.